गुलाबभाऊंचा कान

"जरा चूप राहा आता," गुलाबराव म्हणाले.

दोरीला टांगलेलं गाडीचं चाक त्यांनी हाताने स्थिर केलं, लाकडी हातोडी उचलली आणि चाकाच्या काठावर एक टोला दिला. खुर्चीवर बसलेल्या गयाबाईंनी बांगड्या वाजू नयेत म्हणून दोन्ही हात मांडीखाली घेतले होते. त्यांचा मुलगा प्रफुल्ल गुलाबरावांच्या तोंडाकडे बघत होता, डॉक्टर छातीला नळी लावतो तेव्हा आपण बघतो तसा.

टोला वाजला. तेवढा गुलाबरावांना ऐकू आला. त्यानंतर काहीच आलं नाही.

चांगल्या चाकाचा आवाज खरं तर टोल्यानंतर सुरू होतो. ॲल्युमिनियमचं जुनं चाक असं अधांतरी टांगून हलकेच ठोकलं, की ते काशाच्या ताटाला नख लागावं तसं गातं. बारीक, लांब, सावकाश विरत जाणारं. आत कुठे केसाएवढी चीर असेल तर ते गाणं तुटतं. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो आणि जागीच मरतो. डोळ्याला न दिसणारी चीर अशी कानाला सापडते. गुलाबरावांनी हे आयुष्यात इतक्या लोकांना समजावून सांगितलं होतं, की आपल्या बोलण्यात कुठे थांबायचं तेही त्यांना पाठ झालं होतं.

पण ते गाणं त्यांना गेल्या दिवाळीपासून ऐकू येत नव्हतं. आधी बारीक आवाज गेले. मोबाइलची घंटी गेली, पहाटेची पाखरं गेली. मग माणसांच्या बोलण्याची टोकं झिजली. शब्द येत, पण गोटे होऊन येत. वयामुळे झालं की चाकं घासून चमकवणाऱ्या बफच्या मशीनमुळे, कोण जाणे. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याऐवजी एक युक्ती काढली होती. टोला देताना डाव्या हाताची दोन बोटं चाकाच्या खालच्या कडेला टेकवायची आणि थरथर किती टिकते ते बघायचं. चाकाला हात लागला की आवाज दबतो, हे सांगत त्यांनीच एके काळी शिकाऊ पोरांच्या बोटांवर पट्टी मारली होती.

हे तिसरं चाक बोटांखाली फारसं थरथरलं नाही. की थरथरलं होतं?

"कसं हाय, काकाजी?" प्रफुल्लने विचारलं.

गुलाबरावांनी मान हलवली. "पास."

"पाह्य," गयाबाई मुलाला म्हणाल्या, "गुलाबभाऊनं म्हटलं म्हंजे झालं. तुह्या बाबाले दुसऱ्या कोनाचा भरवसाच नोता."

प्रफुल्लचे वडील भैयालाल आणि गुलाबराव मेश्राम दोघे पोलादाच्या प्लांटमधल्या फाउंड्रीत एकाच पाळीत होते. भैयालालने निवृत्त होणाऱ्या एका साहेबाची काँटेसा विकत घेतली तेव्हा प्लांटच्या कॉलनीतला अख्खा सेक्टर बघायला लोटला होता. गाडीपेक्षा तिची चाकं बघायला. लोखंडी चाकांच्या त्या जमान्यात ही पांढरी, पाकळ्यांची चाकं उन्हात अशी चमकायची की पोरं त्यात तोंड बघून भांग पाडत. भैयालाल गेला, गाडी कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिली. आता प्रफुल्लने इंजिन करून घेतलं होतं आणि रविवारी तो आईला त्या गाडीतून आमगावला, तिच्या माहेरी, लग्नाला नेणार होता. नवऱ्याच्या गाडीतून एकदा माहेरच्या दारात उतरायचं, एवढंच गयाबाईंचं मागणं होतं.

चौथं चाकही पास झालं.

जुनवानीच्या रस्त्यावरची ही पत्र्याची शेड गुलाबरावांनी निवृत्तीनंतर टाकली. रायपूर, दुर्ग, राजनांदगाव, कुठून कुठून लोक जुन्या गाड्यांची चाकं घेऊन येत. नवी चाकं बाजारात ढिगाने मिळतात, पण जुन्या गाडीच्या माणसाला जुनंच चाक पाहिजे असतं. पॉलिश करणारे रायपुरातही होते. तरी तिथलीसुद्धा माणसं विचारत, "गुलाबभाऊने बजाया क्या?" त्यांनी वाजवलेलं चाक डोळे मिटून गाडीला लावावं, असा शिरस्ता पडला होता.

त्यांची मुलगी रीना वर्षभरापासून शेडमध्ये काम करत होती. तिचं लग्न टिकलं नाही. ती वैशाली नगरातल्या घरी परत आली आणि तिसऱ्याच दिवशी पंजाबी ड्रेसवर बापाचा जुना खाकी शर्ट चढवून बफसमोर उभी राहिली. हात चांगला होता तिचा. एकदा तिने तडा तपासायच्या रंगाचे डबे मागवले होते. लाल रंग मारायचा, पुसायचा, वरून पांढरी भुकटी मारायची. चीर असेल तर आत शिरलेला लाल रंग रेघ होऊन वर येतो. प्लांटमध्ये गुलाबरावांनी स्वतः तो वापरला होता. पण डबे बघून ते गिऱ्हाइकासमोरच म्हणाले होते, "ज्याले कान नाही त्यानं रंग लावावा." गिऱ्हाईक हसलं होतं. रीनाने डबे फळीवर ठेवून दिले, ते तिथेच धूळ खात होते.

पुढचे दिवस कामात गेले. जुन्या लॅकरचा थर आधीच काढला होता. मग घासायचा जाड कागद, त्यावर मध्यम, त्यावर बारीक. प्रत्येक कागदाचे ओरखडे पुढच्या कागदाने काढायचे, घाई केली की शेवटच्या झळाळीत पहिल्या दिवसाचा आळस दिसतो. शेवटी कापडाचा बफ आणि पॉलिशचा साबण. शुक्रवारी दुपारी चारही चाकं भिंतीला टेकून उभी होती आणि समोरून जाणारा माणूस त्यांच्यात उलटा होऊन चालत होता.

रीना साबण आणायला सुपेल्याला गेली होती. गुलाबराव एकटेच होते. तिसऱ्या चाकावरून त्यांची नजर हलत नव्हती.

कोपऱ्यात एक चिरलेलं चाक पडलेलं असे. नव्या माणसाला फरक समजावा म्हणून त्यांनी ते मुद्दाम ठेवलं होतं. चांगलं चाक वाजवायचं, मग हे वाजवायचं. लहान पोरालाही फरक कळे. आज त्यांनी ते उचललं, दोरीला टांगलं. शेजारी भैयालालचं तिसरं चाक टांगलं. हात लावला नाही. आधी एकावर टोला दिला, मग दुसऱ्यावर.

ठक. ठक.

परत दिला. जोरात दिला. कान जवळ नेला, उजवा नेला, डावा नेला. चिरलेलं आणि चांगलं, दोन्ही एकाच आवाजात बोलत होती.

गुलाबराव पिंपावर बसले. हे एकच चाक नव्हतं. दिवाळीपासून आजवर जेवढी चाकं या दोरीवरून उतरली, ती सगळी त्यांनी आंधळ्याने रंग सांगावा तशी पास केली होती. ती सगळी आत्ता कुठल्या ना कुठल्या रस्त्यावर फिरत होती.

मग त्यांनी फळीवरचे डबे काढले. तिसऱ्या चाकाला लाल रंग लावला, थांबले, पुसला, पांढरी भुकटी मारली. एकही रेघ उमटली नाही. पण त्यांचा जीव भांड्यात पडला नाही, कारण त्यांना माहीत होतं. बफच्या घासण्याने ॲल्युमिनियम लोण्यासारखं ओढलं जातं आणि चिरेचं तोंड बंद करून टाकतं. पॉलिश झालेल्या चाकावर रंगाची साक्ष चालत नाही. म्हणून तर तपासणी आधी आणि झळाळी नंतर. खात्री करायची तर एकच रस्ता होता. ही सगळी झळाळी कॉस्टिक सोड्याने खाऊन टाकायची, चिरेचं तोंड मोकळं करायचं, मग रंग लावायचा.

आणि ते कुणाला न सांगता होण्यासारखं नव्हतं.

रात्री जेवताना रीना काहीतरी म्हणाली. गुलाबराव भाकरी मोडत राहिले. ती परत म्हणाली. त्यांनी वर पाहिलं तेव्हा ती ताट घेऊन उठली होती.

"बोलत कावून नाही तिच्याशी?" त्यांची बायको सत्यशीला त्यांच्यासमोर येऊन मोठ्याने म्हणाली. "इचारून राहिली ना ते, उद्या शेड कधी उघडाची म्हणून."

"मी उघडतो," गुलाबराव म्हणाले. "तिले म्हण आरामात ये."

सकाळी रीना आली तेव्हा शेडमध्ये कॉस्टिकचा उग्र वास भरला होता. हातात रबरी मोजे, नाकाला फडकं बांधून गुलाबराव चौथ्या चाकावर ब्रश फिरवत होते. चाकावर फेस उठत होता. बाकीची तिन्ही धुऊन ठेवलेली होती, चुलीतल्या राखेच्या रंगाची.

ती दारातच थांबली. मग धावत येऊन तिने त्यांचा हात धरला.

"बाबा, काय करून राहिले हे? आज प्रफुल्लदादा नेणार हाय चाकं. डोकंबिकं फिरलं का तुमचं?"

"पाणी टाक," ते म्हणाले. "जास्त खाईन ते."

तिने पाणी टाकलं. फेस वाहून गेला आणि खालून राख निघाली. गुलाबरावांनी मोजे काढले. कसं सांगायचं याची वाक्यं त्यांनी रात्रभर जुळवली होती, ती एकही आठवेना.

"मले ऐकू येत नाही, रीना."

"काय?"

"चाकाचा आवाज. दिवाळीपासून येत नाही. मी अंदाजानं पास करून राहिलो." थोडं थांबून ते म्हणाले, "तुह्यं बोलणंबी पुरं येत नाही. पाठमोरी असली म्हंजे काहीच येत नाही."

रीना त्यांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

"मले वाटे तुमी माह्यावर रागावले," ती म्हणाली. "मी घर सोडून आली म्हणून. मी काही म्हटलं का तुमी उत्तरच देत नोते. मी आईजवळ रडली किती वेळा. आई म्हणे, त्यायचा स्वभावच तसा."

गुलाबरावांच्या मनात पोरीबद्दल राग कधीच नव्हता. उलट ती खाकी शर्ट घालून उभी राहिली त्या दिवशी त्यांनी बाहेर जाऊन डोळे पुसले होते. पण तेही त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांनी फक्त मान हलवली, नाही, नाही, अशी. रीनाने ओढणीने नाक पुसलं आणि फळीवरचे डबे काढले.

प्रफुल्ल आईला घेऊन आला तेव्हा चारही चाकांवर पांढरी भुकटी वाळत होती.

"ये क्या है, काकाजी?" तो म्हणाला. "कल तो आपने फोटो भेजा था. पॉलिश कुठं गेलं?"

फोटो रीनाने पाठवला होता. सांगितलंही तिनेच असतं, तोंड उघडलंच होतं तिने. गुलाबरावांनी तिला हाताने थांबवलं आणि कान गेल्यापासूनचं सगळं स्वतः सांगितलं. प्रफुल्ल ऐकत होता आणि त्याचं तोंड लाल होत होतं.

"म्हंजे त्या दिवशी आमच्यासमोर जे वाजवलं, ते नाटक होतं?"

"नाटकच म्हण."

"मी माझ्या आईला बसवणार होतो या गाडीत. घाटाचा रस्ता आहे मधे. समझ रहे हो ना आप?"

"समजलं म्हणूनच पॉलिश काढलं, बाबू."

"पहिलेच समजाले पाह्यजे होतं." प्रफुल्ल पाठ वळवून आणखी काहीतरी म्हणाला. ते गुलाबरावांपर्यंत आलं नाही आणि रीनाने सांगितलं नाही.

गयाबाई खुर्चीत बसून चाकांकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "गुलाबभाऊ, कान गेले तं सांगाचं होतं ना. याच्या बाबाचे दात गेले तं गावभर सांगत फिरत होते, मले पेरू चालत नाही म्हणून. लाज कायची त्यात?" मग त्यांचा आवाज उतरला. "पण तुमी पास म्हणाले होते. मी त्या दिवशी घरी जाऊन पातळ काढून ठेवलं."

भुकटी वाळली. रीनाने दिवा जवळ धरून एकेक चाक फिरवलं. पाकळीपाकळीच्या बेचक्यात पाहिलं, नटांच्या भोकांभोवती पाहिलं, उलटं करून पाहिलं. मग बापाकडे तोंड करून, सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "चारही चांगले हायेत, बाबा. कुठंच रेघ नाही."

एखादी रेघ निघाली असती तर बरं झालं असतं, असं गुलाबरावांच्या मनात येऊन गेलं. निदान म्हणता आलं असतं, की वाचलो. पुढच्याच क्षणी आपण कुणाच्या गाडीत चीर शोधतोय हे ध्यानात येऊन ते मान खाली घालून बसले.

"सोमवारपावतो परत चमकवून देतो," ते म्हणाले.

"लगन रविवारी हाय," प्रफुल्ल म्हणाला. "राहू द्या. ही अशी राखेची चाकं लावून मी मामाच्या दारी नाही जात. मम्मी, बसनं जाऊ."

गयाबाई उठल्या. "अशीच लाव."

"मम्मी, लोकं हसतीन."

"हसू दे. चाकं पाह्याले थोडी येते कोणी? कोण उतरलं ते पाह्यतात."

प्रफुल्लने चाकं बाहेर उभ्या टेम्पोत घातली. जाताना तो गुलाबरावांशी बोलला नाही. रीनाला म्हणाला, "पॉलिश नंतर रायपूरलाच करून घेतो मी." हे मात्र गुलाबरावांना त्याच्या ओठांवर नीट वाचता आलं.

त्या दिवसापासून रीना फोन घेऊन बसली. दिवाळीपासून ज्यांनी ज्यांनी चाकं नेली होती त्यांना ती एकेक करून सांगत होती, की चाकं परत आणा, तपासायची आहेत. कुणी शिव्या दिल्या. कुणी हसलं, "बहरे से बजवाया क्या हमने?" कुणी उचललंच नाही. बरेच जण आले, भुकटी वाळेपर्यंत घड्याळाकडे बघत बसले आणि चांगलं चाक घेऊन तोंड वाकडं करून गेले. गुलाबराव प्रत्येकासाठी स्वतः चाक कॉस्टिकने धुऊन देत आणि बाजूला उभे राहत.

अहिवाऱ्याचा एक माणूस आपली जुनी जीपच घेऊन आला. नरेश नावाचा, चुनखडीच्या खाणीकडे छोटं दुकान चालवणारा. खोलून काढलेल्या दुसऱ्या चाकावर भुकटी मारली आणि वाळायच्या आतच आतल्या बाजूने, नटाच्या भोकापासून काठाकडे, एक लाल रेघ हळूहळू वर आली. करंगळीएवढी लांब.

नरेश वाकून बघत राहिला.

"याच गाडीनं पोरं शाळेत सोडतो मी," तो म्हणाला. कुणाला उद्देशून म्हणाला असं नाही. मग ते चाक तिथेच सोडून, बाकीची जीपला परत चढवून, त्याच्या जागी स्टेपनी लावून तो निघून गेला.

गुलाबरावांनी ते चाक कोपऱ्यात नेलं नाही. कितीतरी दिवस ते शेडच्या मध्यभागी पडून होतं आणि येता-जाता ते त्याला वळसा घालत.

काम आटलं. तरी एकदम थांबलं नाही. रीना म्हणाली, रंग तर लावूच, पण आधी वाजवूनही बघू. दोन साक्षी असल्या तर बरं. "मले शिकवा," ती म्हणाली. मग दुपारी गिऱ्हाईक नसताना गुलाबराव तिला शिकवायला बसू लागले. शिकवायला त्यांच्याकडे आता फक्त शब्द उरले होते.

"टोला ऐकू नोको. टोल्याच्या मागून काय येते ते ऐक."

"येते."

"कसं येते?"

ती विचार करी. "बारीक. लहान पोरगं झोपेत गुणगुणते ना, तसं."

गुलाबराव डोळे मिटून तिचे शब्द आत कुठेतरी ठेवून देत. "मंग ते कुठं मरते ते पाह्य. आपोआप मेलं तं चांगलं. कोणी गळा दाबल्यासारखं मेलं तं चाक खाली उतरव."

चुकायची ती. चांगल्या चाकाला वाईट म्हणायची. त्यांना ते रंगावरून समजायचं आणि ते म्हणत, "हे चालते. उलटं नाही चालत."

उन्हाळ्याच्या तोंडी राजनांदगावचा एक म्हातारा स्टेशनवरून सायकलरिक्षात चार चाकं घालून आला. जुन्या फियाटची होती. कानाचं त्याला काही माहीत नव्हतं. "गुलाबभाऊ कौन है?" त्याने विचारलं. "उनसे बजवाना है."

गुलाबराव पुढे झाले. "मैं ही हूं," ते म्हणाले. "बजाएगी ये."

म्हाताऱ्याने एकदा बापाकडे, एकदा पोरीकडे पाहिलं आणि चाक पुढे केलं. रीनाने ते दोरीला टांगलं, स्थिर केलं, हातोडी उचलली आणि तशीच थांबली. कपाळाला आठ्या घालून ती रस्त्याकडे बघत होती.

गुलाबराव बाहेर गेले. समोर टिकारामचं जाळ्या-फाटकांचं दुकान होतं. तिथे ग्राइंडरमधून ठिणग्या उडत होत्या. त्यांनी रस्ता ओलांडून त्याच्या खांद्याला हात लावला.

"का होगे, कका?" काय झालं म्हणून टिकारामने चष्मा वर केला.

"दो मिनट मशीन बंद रख, बेटा. लडकी चक्का बजा रही है."

टिकारामने बटण दाबलं. ठिणग्या विझल्या. तेवढ्यात कोपऱ्यावरून एक ऑटो वळला. गुलाबराव रस्त्याच्या मध्ये गेले आणि त्यांनी हात वर केला. ऑटो थांबला, ड्रायव्हरने वैतागून इंजिन बंद केलं. त्याच्यामागे एक मोटारसायकल थांबली.

त्यांच्या पाठीमागे, शेडच्या आत, टोला पडला असेल किंवा पडायचा असेल. ऑटोवाला मान बाहेर काढून काहीतरी विचारत होता. त्याचे ओठ हलताना दिसत होते. गुलाबरावांनी हात तसाच वर धरून ठेवला.